जानव्याला बांधलेली किल्ली

मी आयुष्यभर फिटरचं काम केलं आणि त्यातला बराचसा काळ दुसऱ्यांनी बिघडवलेले स्क्रू काढण्यात घालवला. लोक घाईत भलतंच हत्यार लावतात, जोर करतात, खाच गुळगुळीत करून ठेवतात आणि मग कसनुसं हसत आपल्यापुढे येऊन उभे राहतात. अशा माणसांना मी कधी सरळ उत्तर दिलं नाही. टूल रूममध्ये माझ्या तोंडी लागायला लोक घाबरायचे आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. म्हणूनच ज्या एका स्क्रूची मी स्वतः वाट लावली, त्याबद्दल आजवर कुणाशी बोललो नाही.

ही गोष्ट इंदूरच्या मिल जोरात चालू होत्या तेव्हाची. भोंगा वाजला की आमची आळी उठायची आणि भोंगा वाजला की जेवायला बसायची. मी एका मिलच्या टूल रूममध्ये होतो. माझ्या शेजारच्या बाकावर दादा होता. दादा म्हणजे माझा भाऊ नव्हे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. त्याचे वडील रेल्वेत कारकून म्हणून इकडे आले होते, माझे आजोबा संस्थानच्या पलटणीत होते. आजोबांची तलवार कधीच गेली, मिशा तेवढ्या माझ्याकडे आल्या. दादा त्यांच्याकडे बघून मला "काय सुभेदार" म्हणायचा.

माझं लग्न झालं नव्हतं. आधी आईचं आजारपण होतं, आई गेल्यावर वय निघून गेलं होतं, आणि मग कुणी विचारेनासं झालं. एका खोलीत राहत होतो. दादाच्या डब्यात वहिनी माझ्या वाटच्या दोन पोळ्या जास्त घालायची. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायचो तो दुपारचा चहा पिऊनच उठायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही तिघं बसायचो, आणि बोलणं असं फारसं व्हायचंही नाही. वहिनी निवडत-टिपत बसायची, दादा एखादं घड्याळ उघडून बसायचा, मी पेपर मोठ्याने वाचायचो आणि प्रत्येक बातमीवर चिडायचो. माझ्या आयुष्यात घर म्हणावं असं तेवढंच होतं.

दादाला एक खोड होती. त्याचा कुठल्याही एका गोष्टीवर भरवसा नसायचा. डब्याची कडी लावली की वरून सुतळी. दाराला कुलूप लावलं की त्याच कडीला दुसरं कुलूप. कामातही तेच. यंत्राचं चाक शाफ्टवर पक्कं बसावं म्हणून त्याच्या बुंध्यात एक छोटा स्क्रू असतो, त्याला आम्ही ग्रब स्क्रू म्हणतो. त्याला डोकं नसतं, नुसती सहा कोनांची खाच असते. त्या खाचेत एलन की घालायची, म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखी वाकडी किल्ली, आणि कसत न्यायचा. तो अख्खा भोकात बुडतो आणि शाफ्टला धरून बसतो. आम्ही सगळे एक कसून मोकळे व्हायचो. दादा भोक जरा खोल ठेवायचा, एक कसायचा आणि त्याच्या उरावर दुसरा कसायचा. खालचा ढिला पडू नये म्हणून वर पहारेकरी बसवला, असं तो सांगायचा.

"मग दादा, बायको एकच का केलीस?" मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं.

दादा कानापर्यंत लाल झाला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. डबा मात्र उघडून माझ्यापुढे सरकवला.

एकदा विणाई खात्यातल्या एका साहेबांनी टूल रूममध्ये एक खोकं पाठवलं. त्यांच्या मेहुण्याने जपानहून रेडिओवर चालणारी मोटारगाडी आणली होती. हातातल्या डब्याची कांडी हलवायची, की वीस पावलांवरची गाडी वळायची. ना तार, ना दोरी. ती बंद पडली होती. "देखो, कुछ हो सके तो," असा निरोप होता. पुढे साहेबांची बदली झाली, गाडी आमच्याकडेच राहिली. मागच्या चाकांच्या आसावरच्या प्लास्टिकच्या गिअरचे दात झडले होते. दादाने आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून पितळेचा नवा गिअर केला, चांगला जाड बुंध्याचा. गाडीसोबत आलेल्या पुडीतले ग्रब स्क्रू वापरून तो आसावर बसवला. मी शेजारी उभा राहून पाहिलं, चेष्टाही केली. गाडी टूल रूमभर पळाली तेव्हा मात्र आम्ही दोघं बाप्ये माणसं टाळ्या पिटत होतो.

अडचण एकच होती. आमच्या मिलची सगळी यंत्रं विलायती, त्यामुळे हत्यारं सगळी इंचाची. देशात मीटर आणि किलो येऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या टूल रूमला ते कुणी कळवलं नव्हतं. गाडी जपानी, तिचे स्क्रू मिलिमीटरचे. खोक्यात एकच बारीकशी किल्ली आली होती, आगपेटीच्या काडीएवढी. ती हरवली तर संपलंच. दादाने काय करावं? त्याच्या जानव्याला घरच्या ट्रंकेची किल्ली बांधलेली असायचीच, तिच्या शेजारी त्याने ही बांधली. अर्थात दोन गाठी मारून. आणि ती कधी सोडली नाही. गाडीचा स्क्रू कसायचा असला की सदऱ्याची वरची बटणं काढून, जानवं ओढून, नाक चाकाला लागेल इतका वाकून तो किल्ली फिरवायचा.

"दादा, सोडून घे की ती."

"सोडली की हरवते. आणि तू मिलची किल्ली ह्याला लावू नकोस हां. खाच मरून जाईल."

ज्यांनी इंदूरची अनंत चतुर्दशी पाहिली नाही त्यांना झांकी म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या दिवशी प्रत्येक मिलची झांकी निघते. मोठ्या गाडीवर देखावा, दिव्यांच्या माळा, मान हलवणारे राक्षस, धनुष्य ओढणारे राम, आणि हे सगळं मिलच्या कामगारांनी महिना-महिना राबून केलेलं. पुढे आखाडे चालतात, लाठ्याकाठ्या फिरतात. कुठल्या मिलची झांकी भारी, यावर वर्षभर वाद चालतात. दादाने त्या जपानी गाडीवर कागदाच्या लगद्याचा उंदीर बसवला, काथ्याची शेपटी लावली, आणि आमच्या झांकीपुढे गणपतीचा उंदीर आपला आपण रस्त्यावरून पळायला लागला. दादा दहा पावलं मागे चालायचा. काखेत झोळी, झोळीत डबा, आणि डब्याची लांब एरियल मिटलेल्या छत्रीला बांधलेली. लोकांना काही कळायचं नाही. म्हाताऱ्या बायका उंदराला हात जोडायच्या आणि त्याच्या पाठीवर जिलबी ठेवायच्या.

जेल रोडच्या कोपऱ्यावर एक पानाचं दुकान होतं. दिवे लागायच्या सुमाराला झांकी तिथे पोचायची. दुकानाच्या पायरीवर वहिनी उभी असायची. तिथे आला की उंदीर थांबायचा, पायरीकडे तोंड करायचा, जागच्या जागी दोन गिरक्या घ्यायचा आणि मग पुढे निघायचा. त्या वेळी दादा आभाळाकडे बघत असायचा, पाऊस येतो का पाहत असल्यासारखा. चारचौघांत तो वहिनीशी कधी दोन शब्द गोड बोलला नाही, पण वर्षातून एकदा एवढ्या गर्दीत हे करायचा. तीन वर्षं उंदीर असा थांबला. तो कुणासाठी थांबतो हे त्याला, तिला आणि मला एवढ्यांनाच माहीत होतं.

चौथ्या वर्षी चैत्रात, एका रविवारी सकाळी, मी तिकडे जायच्या आधीच दादा गेला. चहाचा कप खाली ठेवला आणि कलंडला, एवढंच.

मी पोचलो तेव्हा त्याला खाली घेतलं होतं. बंडीच्या गळ्यातून जानवं बाहेर आलं होतं आणि त्याला ट्रंकेची किल्ली होती आणि ती वाकडी बारीक किल्लीही होती. मला ती दिसली. मनात आलं, ही काढून घ्यायला हवी. पण प्रेताच्या अंगावरची किल्ली मागायची कुणाकडे? आणि कशासाठी, तर उंदरासाठी? मी मान फिरवली आणि मागे जाऊन उभा राहिलो. तिरडी बांधताना दादाचे मामा एकच गाठ मारत होते, ते बघून माझा जीव कळवळला. किल्ली त्याच्याबरोबर गेली असं मी धरून चाललो.

तेराव्यानंतर मी त्या घरी जायचं बंद केलं. घरात एकटी बाई, मी असा बिनलग्नाचा, आणि आमची आळी म्हणजे प्रत्येक खिडकीला डोळे. वहिनीबद्दल माझ्या मनात काही वावगं होतं का? नव्हतं. मला त्या घराची सवय होती, तिथल्या गप्प बसण्याची सवय होती. पण हे आळीला जाऊन कोण सांगणार? रविवार मला खायला उठायचा. मी पेपर घ्यायचो आणि मनातल्या मनात वाचायचो. दुपारी डबा उघडताना दोनदा तरी माझा हात शेजारच्या बाकाकडे गेला. त्या बाकावर नवा माणूस आला होता, चांगला होता बिचारा, पण मी त्याला वर्षभर शिव्याच घातल्या.

भाद्रपदात गणपती बसून चार दिवस झाले तेव्हा वहिनी मला पिठाच्या चक्कीवर भेटली. मधे चार-पाच हातांचं अंतर ठेवून आम्ही उभे राहिलो.

"भावजी, तुम्ही तर घरचा रस्ताच भूलून गेले," ती म्हणाली.

मी काहीतरी पुटपुटलो, मिलमध्ये काम फार आहे वगैरे.

ती पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. "यंदा झांकीत उंदीर आहे ना?"

"आहे ना."

"वर्ष काही झालं नाही अजून. सणासुदीला जायचं नसतं मला. पण कोपऱ्यावर नुसतं उभं राहायला काय हरकत आहे, हो ना?" मग चक्कीच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं तिने विचारलं, "थांबेल ना तो?"

"थांबेल वहिनी. एकदम थांबेल."

मी असा शब्द आयुष्यात क्वचित दिला असेल.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून उंदीर काढला. सेल घातले, कांडी दाबली. मोटर गुणगुणली, चाकं हलली नाहीत. कारण शोधायला वेळ लागला नाही. मागच्या वर्षी लोकांनी पाठीवर ठेवलेल्या जिलब्यांचा पाक झिरपून गिअरच्या मागच्या बुशात, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या नळीत, गेला होता. गरम पाणी सोडलं तेव्हा पाक गेला, पण त्याखाली गंज धरलेला होता. बुश बदलायला हवा, आणि त्यासाठी आधी दादाचा पितळी गिअर आसावरून उतरवायला हवा. म्हणजे ग्रब स्क्रू सोडायचा. म्हणजे किल्ली हवी.

सियागंजच्या बाजारात हत्यारांची चार दुकानं पालथी घातली. सगळीकडे इंचाच्या. शेवटच्या दुकानदाराने गल्ल्यावरून मान वर न करता सांगितलं, "भिया, इत्ती बारीक मिलीमीटर में तो बंबई से आएगी. आठ-दस दिन पकड़ लो." माझ्याकडे पाच दिवस होते.

मग मी तेच केलं जे करू नकोस म्हणून दादाने बजावलं होतं. मिलची सगळ्यात बारीक एलन की घेतली. ती खाचेत जाईना, केसभर मोठी होती. कानशीने तिच्या सहाही बाजू घासल्या. घासताना कुठे थोडी जास्त गेली. किल्ली आत बसली, पण जराशी हलत होती. दुसऱ्या कुणाच्या हातात अशी किल्ली पाहिली असती तर मी ती हिसकावून खिडकीबाहेर फेकली असती. मी फिरवली. कट्ट असा आवाज झाला आणि माझ्या बोटांना कळलं. नखाने खाच चाचपली. सहा कोन होते तिथे आता गोल भोक होतं.

पुढचे दोन दिवस मी माझी सगळी विद्या पणाला लावली. भोकात रॉकेल सोडून रात्रभर ठेवलं. सोल्डरिंग आयर्नचं टोक आत टेकवून स्क्रू तापवला, म्हणजे आट्यांत गंज असेल तर सुटेल. बारीक कानशीची मुठीत बसणारी शेपटी चौकोनी घासून गोल भोकात हातोडीने ठोकून बसवली आणि पान्याने हळूहळू पीळ दिला. तो पहिल्यांदा जरासा कुरकुरला आणि मला वाटलं जमलं, तर शेपटीचं टोकच आत मोडलं. ते सुईने उकरून काढायला एक दुपार गेली. सोडायच्या आधी केसभर कसायचा, हेही करून पाहिलं. बाकी लोक येऊन बघून जात होते. त्यांच्या मिशीतलं हसू मला दिसत होतं. इतकी वर्षं ते ह्याच दिवसाची वाट पाहत असणार.

तिसऱ्या दिवशी मी बारीक ड्रिल लावलं. हात स्थिर ठेवून, मधोमध, थोडं थोडं. स्क्रू आतून पोखरत गेला आणि शेवटी त्याची नुसती साल उरली, ती चिमट्याने आट्यांतून पिळून काढली. भोक मोकळं झालं. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या बाकाकडे वळून म्हणालो, "बघ दादा." नवा माणूस माझ्याकडे बघत राहिला.

त्यानंतर मी भोकात वाकून पाहिलं नाही. मला घाई झाली होती. आस व्हाइसच्या जबड्यावर टेकवला, त्याच्या टोकाला पितळी पंच लावला आणि हातोडी मारली. गिअर हलला नाही. गंजाने धरलं असणार. जरा जोरात मारली. नाही. मला संताप आला, कुणाचा ते माहीत नाही. चैत्रापासून साठलेला असणार. मी हातोडी पुरती उचलून मारली.

आस वाकला आणि गिअर ज्यात बसतो ती पांढऱ्या प्लास्टिकची पेटी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. गिअर होता तिथेच होता.

मी स्टुलावर बसलो. बऱ्याच वेळाने बॅटरी घेतली आणि त्या भोकात पाहिलं. तळाशी दुसरा स्क्रू होता. त्याची खाच नवी कोरी होती, सहाही कोन बॅटरीच्या उजेडात चमकत होते.

दोन स्क्रू. अर्थात दोन. दादाने कधी कुठे एक लावला होता? मी स्वतः शेजारी उभं राहून पाहिलं होतं, वर त्याची चेष्टा केली होती. जगात दुसऱ्या कुठल्याही फिटरने तो गिअर उघडला असता तर चूक माफ होती, पण मी? माणूस जाऊन सहा महिने झाले नव्हते आणि त्याची सगळ्या मिलला माहीत असलेली खोड मी विसरलो. मला त्या तडकलेल्या पेटीपेक्षा ह्याचं दुःख जास्त झालं. मी संडासात जाऊन रडलो आणि तोंड धुऊन परत आलो.

झांकी कमिटीचा सेक्रेटरी आला, उंदराकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे भिया, रस्सी बाँध के खींच लो. पब्लिक को क्या मालूम पड़ता है." त्याचं बरोबर होतं. मी वाकलेला आस गिअरसकट काढून ठेवला, मागे लाकडाची दोन चाकं ठोकली आणि उंदराच्या नाकात काळी दोरी बांधली.

अनंत चतुर्दशीला मी झांकीपुढे उंदीर ओढत चाललो. लोकांनी हात जोडले, जिलब्या ठेवल्या. खरंच कुणाला काही फरक पडला नाही. जेल रोड जवळ आला तशी मी दोरी आखूड धरली. पायरीवर वहिनी होती, पांढऱ्या लुगड्यात, दुकानाच्या फळीच्या आड अर्धी लपलेली. मी थांबलो. उंदीर थांबला. त्याचं तोंड मी हाताने पायरीकडे वळवलं. आता गिरक्या कशा घ्यायच्या? दोरीने ओढलेला उंदीर जागच्या जागी फिरत नाही. मग मीच त्याच्याभोवती फिरलो, दोरी धरून, एक फेरी. लोकांना वाटलं मी प्रदक्षिणा घालतोय, चार जण माझ्यामागून फिरायला लागले. दुसऱ्या फेरीत दोरी चाकात अडकली आणि उंदीर आडवा झाला. मी त्याला उचलून काखेत घेतला. वर पाहिलं तेव्हा वहिनी उंदराकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग ती पायरी उतरून गर्दीत गेली.

चार दिवसांनी दुपारच्या सुट्टीत मला गेटवर बोलावणं आलं. वहिनी आली होती, हातात कापडी पिशवी होती.

"भावजी, मी जबलपूरला भावाकडे चालली. घर खाली करून राहिली. ह्यांची मिलची हत्यारं निघाली, दोन कानशी न् हे पंच. जमा करून द्याल?"

मी पिशवी घेतली. मग तिने पदराचं टोक पुढे घेतलं आणि त्याची गाठ सोडायला लागली. दोन गाठी होत्या.

"आणि ही एक किल्ली. जानव्याला होती. आंघोळ घालताना मामांनी सोडून माझ्या हातात दिली. ट्रंकेची ट्रंकेला लागली. ही कशालाच लागत नाही. कपाट पाहिलं, घड्याळ पाहिलं, सारं घर पाहून झालं. फेकवत तर नाही."

तिच्या तळहातावर आगपेटीच्या काडीएवढी ती वाकडी किल्ली होती.

"वहिनी, ही उंदराची किल्ली आहे," मी म्हणालो. "हीच नव्हती म्हणून... हीच हवी होती."

तिने किल्ली बोटांत धरून उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, "चक्कीवर भेटले तेव्हा माझ्या पदरालाच होती की ही. मागायची ना भावजी."

"असं कसं मागणार होतो मी?"

"तोंडाने. अजून कसं मागतात?" ती चिडली होती. तिला चिडलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. "तेराव्यानंतर उंबरा चढले नाही तुम्ही. मला वाटलं, ह्यांच्यापुरतंच होतं तुमचं सारं."

"तसं नव्हतं वहिनी. लोक काय म्हणतील म्हणून..."

"लोक," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली. मग पदर सावरून, "त्या दिवशी गिरक्या तुम्हीच घेतल्या. पाहिलं मी." तिने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि निघाली. मी तिला थांबवलं नाही. गेटवरचा दरवान बघत होता.

बाकावर परत आलो आणि वाकलेल्या आसावरचा गिअर समोर घेतला. किल्ली भोकात सोडली. ती तळच्या स्क्रूच्या खाचेत अशी बसली की जराही हलली नाही. मी दोन बोटांनी फिरवली. जोर करावाच लागला नाही. अर्ध्या वळणात स्क्रू सुटला आणि गिअर घरंगळून माझ्या हातात आला.

ते वर्ष मी त्या गाडीवर घालवलं. नवा आस केला. तडकलेल्या पेटीच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा कापून, वाकवून, रिवेट मारून पेटी केली, तीन वेळा चुकलो. नवा बुश घातला. दादाचा गिअर चढवला, पुडीतला एक स्क्रू कसला आणि त्याच्या उरावर दुसरा कसला. शेजारच्या बाकावरच्या माणसाने विचारलं, दोन कशाला? मी त्याला शिवी न देता पहारेकऱ्याची गोष्ट सांगितली. किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, कारण जानवं मला नाही. दोऱ्याला दोन गाठी मारल्या. जबलपूरला पत्र टाकावं असं खूपदा वाटलं. दोनदा लिहिलंसुद्धा, उंदीर चालायला लागला एवढंच. पोस्टापर्यंत गेलो आणि ती पत्रं भावाच्या घरी कोण उघडेल, ह्या विचाराने परत आलो. म्हणजे मी काहीच शिकलो नव्हतो.

पुढच्या अनंत चतुर्दशीला उंदीर आपला आपण पळाला. काखेत झोळी आणि हातात मिटलेली छत्री घेऊन मी दहा पावलं मागे चाललो होतो. जेल रोडच्या कोपऱ्यावर दिवे नुकतेच लागले होते. पायरी रिकामी होती, ते मला लांबूनच दिसलं. मी कांडी सोडली. उंदीर थांबला. त्याने पायरीकडे तोंड केलं आणि जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या, अगदी दादा घ्यायला लावायचा तशा. पानवाल्याला वाटलं गणपतीने आपल्या दुकानावर नजर टाकली, त्याने चुन्याने माखलेले हात जोडले. मी पाऊस येतो का पाहिल्यासारखं वर आभाळाकडे पाहिलं आणि उंदीर पुढे काढला.